बदललेलें हृदय पुन्हां कां बिघडतें?

गेल्या महिन्याच्या अंकांत हृदयाच्या रचनेसंबंधीं आम्हीं लिहिलें होतें. तें वाचून एका वाचकांनीं असा प्रश्न विचारला आहे कीं, निकामी झालेलें हृदय काढून त्या जागीं दुसऱ्याचें निरोगी हृदय बसविलें म्हणजे रोग मुळासकट गेला असें म्हणावयास हरकत कोणती? आणि रोग जर गेला, तर आठ-दहा वर्षांनीं तेंच नवें हृदय पुन्हां दुखणाईत कां होतें?

प्रश्न मार्मिक आहे. त्याच्या मुळाशीं पुष्कळ घरांतून रूढ असलेली एक समजूत आहे. विहिरीवरचा जुना पंप काढून नवा बसवावा, तसाच हा प्रकार, असें लोकांस वाटतें. ही समजूत यंत्रांपुरती ठीक आहे. विहिरीचें पाणी नव्या पंपास 'तूं कोणाचा?' असें विचारीत नाहीं. शरीरांतील रक्त मात्र वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येक पेशीस हा प्रश्न विचारतें, आणि परकेपणाची खूण एकदां पटली म्हणजे ती वर्षानुवर्षें विसरत नाहीं. नव्या हृदयाच्या ऱ्हासाचें मुख्य कारण ह्यांतच आहे. आजच्या लेखांत त्याचा विस्तार करावयाचा आहे. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, वैद्यकींत नव्हे. तेव्हां त्या शास्त्रांतील जाणत्यांनीं जें निश्चित केलें आहे तेवढेंच घरांतील लहानथोरांस समजेल अशा रीतीनें येथें मांडतों.

हृदय बदलण्याची कल्पना वाटते तितकी नवीन नाहीं. कापलेली रक्तवाहिनी सुईदोऱ्यानें पुन्हां जोडण्याची विद्या अलेक्सिस कारेल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें पूर्णत्वास नेली, आणि त्याबद्दल १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. ह्याच कारेलनें १९०५ सालीं शिकागो येथें चार्ल्स गथ्री ह्याच्या साह्यानें एका कुत्र्याचें हृदय दुसऱ्या कुत्र्याच्या मानेंत जोडून पाहिलें होतें. तें कांहीं वेळ चाललें. पुढें १९६० सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत नॉर्मन शमवे व रिचर्ड लोअर ह्यांनीं हृदय कसें काढावें व कसें जोडावें ह्याची रीत कुत्र्यांवर प्रयोग करून बसविली. मनुष्यावर हा प्रयोग प्रथम झाला तो ३ डिसेंबर १९६७ रोजीं, दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहराच्या ग्रूट स्कूर रुग्णालयांत, ख्रिश्चन बर्नार्ड ह्यांच्या हातून. रोगी लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. त्यांचा अंत फुप्फुसांच्या विकारानें झाला. परकें हृदय शरीरानें झिडकारूं नये म्हणून जीं तीव्र औषधें दिलीं होतीं, त्यांनीं रोगजंतूंशीं लढण्याची शक्तीच हरण केली होती. हा पेंच वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहास ह्या एका पेंचाभोंवतीं फिरतो.

आपली मुंबई ह्या बाबतींत फार मागें नव्हती. जगांत अशा शस्त्रक्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या होत्या, त्याच वेळीं, म्हणजे फेब्रुवारी १९६८ मध्यें, परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. त्या वर्षीं जगभर शंभरांहून अधिक हृदयें बदललीं गेलीं. परंतु बहुतेक रोगी थोड्या आठवड्यांत वा महिन्यांत गेले, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक रुग्णालयांनीं ह्या कामांतून अंग काढून घेतलें.

ह्या निराशेच्या काळांत एक रोगी मात्र पुष्कळ दिवस जगला. फिलिप ब्लायबर्ग नांवाच्या दंतवैद्याचें हृदय बर्नार्ड ह्यांनीं २ जानेवारी १९६८ रोजीं बदललें. हृदय देणारा तरुण अवघा चोवीस वर्षांचा होता. ब्लायबर्ग घरीं गेले, हिंडूंफिरूं लागले, आणि सुमारें एकोणीस महिन्यांनीं, ऑगस्ट १९६९ मध्यें वारले. मरणोत्तर परीक्षा झाली तेव्हां डॉक्टर चकित झाले. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या ज्या धमन्या हृदयावर मुकुटाप्रमाणें वेढलेल्या असतात, त्या आंतून दाटून अरुंद झाल्या होत्या. वृद्ध मनुष्याच्या हृदयांत दिसावयाची स्थिति पंचविशीच्या हृदयांत दिसली, आणि ती दोन वर्षेंसुद्धां न होतां. हा वृत्तांत त्याच वर्षीं 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. तरुण हृदयास एवढ्या थोडक्या अवधींत वार्धक्य कां यावें, ह्या प्रश्नाचा शोध तेव्हांपासून चालू आहे.

तो शोध समजण्यासाठीं आधीं स्वकीय आणि परकीय हा भेद शरीर कसें जाणतें हें पाहिलें पाहिजे.

कापलेलें नाक पुन्हां करण्याची विद्या आपल्या देशांत फार प्राचीन. सुश्रुतसंहितेंत तिचें वर्णन आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ एका देशी कारागिरानें इंग्रजी सैन्यांतील कावसजी नांवाच्या गाडीवानाचें, टिपूच्या लोकांनीं कापलेलें नाक, त्याच्याच कपाळाचें कातडें वळवून पुन्हां तयार केलें, आणि ती हकीकत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें चित्रासह छापून आली. तें नाक टिकलें, कारण कातडें त्याचें स्वतःचें होतें. दुसऱ्याचें कातडें लावल्यास काय होतें, ह्याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धांत झाला. पीटर मेदावार हे प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगो येथें टॉमस गिब्सन ह्या शस्त्रवैद्यांबरोबर भाजलेल्या रोग्यांवर काम करीत असतां त्यांस असें दिसलें कीं, सख्ख्या भावाचें कातडें लावलें तरी तें कांहीं दिवसांत गळून पडतें; आणि त्याच भावाचें कातडें पुन्हां लावलें तर दुसऱ्या खेपेस तें पहिल्याहूनही लवकर नष्ट होतें. म्हणजे शरीर परक्यास केवळ ओळखतें एवढेंच नव्हे, तर त्याची आठवण ठेवतें. मेदावार ह्यांस १९६० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

ह्याचा पडताळा १९५४ सालीं बोस्टन शहरीं आला. तेथें जोसेफ मरे ह्यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. ते दोघे एकाच बीजापासून झालेले, अंगांगानें सारखे. मूत्रपिंड विनातक्रार चाललें. पुढें फ्रान्समध्यें झां दोसे ह्यांच्या व इतरांच्या संशोधनानें असें ठरलें कीं, प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर कांहीं विशिष्ट खुणा असतात. त्या अर्ध्या आईकडून व अर्ध्या बापाकडून येतात, आणि सख्ख्या भावंडांतही त्या हुबेहूब जुळण्याचा संभव चारांत एकच असतो. परक्यांशीं त्या जुळणें अतिदुर्मिळ. त्यांतून हृदय शरीराबाहेर बर्फांत सुमारें चार तासच चांगलें राहतें, त्यामुळें खुणा जुळणारा रोगी दूरदूर शोधीत बसण्यास वेळ नसतो. रक्तगट जुळला, आकारमान जुळलें, घातक प्रतिपिंडें आधींच नाहींत एवढें पाहिलें, कीं हृदय बसवावेंच लागतें.

ज्या घरांत व्याकरणाचा परिचय आहे त्या घरांतील मंडळींस ही स्थिति एका दृष्टान्तानें चटकन् कळेल. पाणिनीच्या शास्त्रांत एका शब्दरूपाच्या जागीं दुसरें आलें म्हणजे त्यास आदेश म्हणतात. आदेश हा ज्याच्या जागीं आला त्याच्याचसारखा मानावा, असा नियम आहे. पण त्याच नियमांत एक अपवाद सांगितला आहे. जेथें कार्य प्रत्यक्ष वर्णाकडे पाहून होतें, तेथें ही सवलत नाहीं. तेथें आदेश आपल्या स्वतःच्या वर्णांनींच ओळखला जातो. बसविलेल्या हृदयाचें नेमकें असेंच आहे. रक्त ढकलण्याच्या कामापुरतें तें जुन्या हृदयाचा अधिकार पुरा चालवितें. परंतु रक्तांतील रक्षक पेशी त्याचे वर्ण वाचतात, आणि ते वर्ण जन्मभर दात्याचेच राहतात.

शरीराचा हा विरोध दोन प्रकारचा असतो. पहिला उघड, जलद आणि विशेषतः पहिल्या वर्षांत प्रखर. रक्तांतील टी-पेशी हृदयाच्या स्नायूंत शिरून त्याचा नाश करूं लागतात. ह्या विरोधावर मात करण्याचें श्रेय मोठ्या अंशानें स्टॅनफर्डच्या शमवे ह्यांच्या चिकाटीस आहे. इतरांनीं काम सोडलें तेव्हां त्यांनीं सोडलें नाहीं. त्यांच्या मंडळांतील फिलिप केव्ह्ज ह्यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत मानेंतील शिरेंतून बारीक चिमटा थेट हृदयांत नेऊन स्नायूचा कण काढण्याची युक्ति बसविली, आणि मार्गारेट बिलिंगहॅम ह्या विदुषीनें तो कण सूक्ष्मदर्शकाखालीं वाचून विरोध किती चढला आहे हें ठरविण्याची पायरीवार पद्धति तयार केली. त्यायोगें लक्षणें दिसण्यापूर्वींच औषध वाढवितां येऊं लागलें.

औषधांची हकीकत तर कथेसारखी आहे. १९६९ सालीं नॉर्वे देशांतील हार्डांगरव्हिडा नांवाच्या ओसाड पठारावरून मातीचा एक नमुना स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीकडे आला. त्या मातींतील बुरशीपासून निघालेला पदार्थ जंतुनाशक म्हणून फारसा उपयोगी ठरला नाहीं. परंतु झां बोरेल व त्यांचे सहकारी ह्यांस असें आढळलें कीं, तो टी-पेशींस आवर घालतो आणि इतर रक्तपेशींस मारीत नाहीं. हेंच सायक्लोस्पोरिन. केंब्रिजचे रॉय कान ह्यांनीं १९७८ सालीं तें मूत्रपिंडाच्या रोग्यांस दिलें, १९८० च्या अखेरीस स्टॅनफर्ड येथें हृदयाच्या रोग्यांस तें देण्यास आरंभ झाला, आणि मेल्यासारखी झालेली ही विद्या पुन्हां जिवंत झाली. त्यानंतर १९८४ सालीं जपानांतील त्सुकुबा भागाच्या मातींतून टॅक्रोलिमस हें त्याहून प्रभावी औषध निघालें. आज बहुतेक ठिकाणीं तेंच वापरतात. आपल्या देशांत १९९४ सालीं अवयवारोपणाचा कायदा होऊन मेंदूच्या मृत्यूस मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. पी. वेणुगोपाल ह्यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण केलें.

उघड विरोध असा आटोक्यांत आला. दुसरा विरोध मात्र मंद आणि गुप्त आहे, आणि वाचकांच्या प्रश्नाचें उत्तर ह्या दुसऱ्यांत आहे.

धमनीच्या आंतल्या बाजूस पेशींचें एक अत्यंत पातळ अस्तर असतें. नव्या हृदयांतील हें अस्तर दात्याचें, आणि त्यावरून अहोरात्र वाहणारें रक्त रोग्याचें. घर एकाचें आणि उंबरठा दुसऱ्याचा अशी ही स्थिति. स्वकीय आणि परकीय ह्यांची गांठ क्षणोक्षणीं पडते ती तेथेंच. औषधांच्या धाकानें टी-पेशी मोठा हल्ला करीत नाहींत, पण अधूनमधून अस्तरास लहान लहान इजा करीत राहतात. कांहीं रोग्यांच्या रक्तांत दात्याच्या खुणांवर नेमकीं बसणारीं प्रतिपिंडें तयार होतात, आणि तीं अस्तरास सतत चेतवितात. इजा झाली म्हणजे शरीर ती बुजविण्यासाठीं डागडुजी करतें. धमनीच्या भिंतींतील स्नायुपेशी वाढून आंतल्या थरांत येतात, तेथें तंतू साचतात, थर जाड होतो आणि रक्ताची वाट अरुंद होते. जखम बरी करण्याचीच ही क्रिया. परंतु जखम कधींच थांबत नसल्यामुळें तिला अंतही राहत नाहीं.

नेहमींचा हृदयविकार आणि हा विकार ह्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. नेहमींच्या विकारांत धमनीच्या एका बाजूस, ठराविक जागीं, मेदाचा उंचवटा तयार होतो. तेथें जाळीची नळी बसवून किंवा बाजूनें दुसरी वाट काढून काम भागवितां येतें. ह्या विकारांत जाडी सर्व बाजूंनीं सारखी आणि धमनीच्या लांबीभर, थेट बारीक फांट्यांपर्यंत पसरते. वाट कोठें अडली हें दाखवावयास एक जागा नसते, म्हणून नळीचा किंवा नव्या वाटेचा उपाय पुष्कळदां अपुरा पडतो. क्ष-किरणांच्या चित्रांतही धमनी सरळ आणि गुळगुळीत दिसते, कारण ती सगळीच सारखी अरुंद झालेली असते. धमनीच्या आंत श्राव्यातीत ध्वनीचें सूक्ष्म साधन नेऊन भिंतीची जाडी मोजली तेव्हां कोठें हा विकार लवकर ओळखूं येऊं लागला.

ह्याहूनही विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. हृदय काढतांना त्याचे मज्जातंतू तोडावे लागतात, आणि ते पुन्हां जोडतां येत नाहींत. हृदय आपल्या अंगच्या शक्तीनें चालतें, पण मेंदूकडील लगाम सुटल्यामुळें विश्रांतींतही त्याचे ठोके मिनिटास नव्वद ते एकशेंदहाच्या आसपास पडतात, आणि जिना चढूं लागल्यावर ते वाढण्यास थोडा वेळ लागतो. तोडलेल्या तंतूंबरोबर वेदनेचा निरोपही तुटतो. कांहीं रोग्यांत वर्षांनंतर तंतू थोडेफार पुन्हां वाढतात. परंतु पुष्कळांस धमन्या अरुंद झाल्या तरी छातींत कळ येत नाहीं. धाप लागणें, पायांवर सूज, लवकर थकवा, क्वचित् एकाएकीं मूर्च्छा वा मृत्यु, हींच लक्षणें. दुखत नाहीं म्हणून कांहीं झालें नाहीं, हें आपल्या घरांतून नेहमीं ऐकूं येणारें वाक्य येथें लागूं पडत नाहीं.

विकार किती जणांस होतो? जगभरांतील रुग्णालयांच्या एकत्र नोंदींवरून असें दिसतें कीं, पहिल्या वर्षाच्या अखेरीस शेंकडा आठ, पांच वर्षांनीं शेंकडा तीस आणि दहा वर्षांनीं सुमारें निम्म्या रोग्यांत तो आढळतो.

हा विकार विरोधापासूनच उत्पन्न होतो असें कशावरून म्हणावें? त्यास चांगले पुरावे आहेत. रोग्याच्या स्वतःच्या इतर वाहिन्या त्या मानानें निर्मळ असतांना दात्याच्या हृदयांतील वाहिन्याच दाटतात. रक्त, अन्न आणि राहणी तीच असून हा भेद पडतो. दुसरें, ज्यांचे रक्तांतील मेदाचें प्रमाण वाढलेलें नाहीं अशा लहान मुलांतही तो होतो. तिसरें, एकाच वंशाच्या, परस्परांशीं तंतोतंत जुळणाऱ्या उंदरांत हृदय बदललें तर धमन्या चांगल्या राहतात; भिन्न वंशांत बदललें तर दाटतात. तथापि एकट्या विरोधावर सर्व भार टाकणें बरोबर होणार नाहीं. दात्याचा मेंदू मृत होतांना त्याच्या शरीरांत रसायनांचा जो क्षोभ होतो त्यानें अस्तरास पहिला धक्का बसतो. बर्फांतील तासांचा आणि पुन्हां उष्ण रक्त शिरण्याचा दुसरा. दात्याचें वय अधिक असल्यास कांहीं दोष हृदयाबरोबरच येतात. सायटोमेगॅलो नांवाच्या विषाणूच्या बाधेचा ह्या विकाराशीं संबंध स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनीं १९८९ सालीं दाखविला. रक्तदाब, मधुमेह आणि मेद हे नेहमींचे शत्रु आहेतच. त्यांत विरोध आंवरणारीं औषधें स्वतःच रक्तदाब व मेद वाढवितात. सारांश, ठिणगी परकेपणाची आणि तीवर तेल बाकीच्यांचें.

कारणांची ही फोड झाल्यामुळेंच उपाय सुचले. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो ह्यांच्या संशोधनांतून निघालेलीं स्टॅटिन नांवाचीं मेद कमी करणारीं औषधें आहेत. त्यांतील प्रवास्टॅटिन हें हृदय बदललेल्या रोग्यांस आरंभापासून दिल्यास मृत्यु आणि धमन्यांचा विकार हे दोन्ही कमी होतात असें लॉस अँजलिस येथील जॉन कोबाशिगावा ह्यांच्या मंडळानें १९९५ सालीं सिद्ध केलें. मेदाचें प्रमाण कितीही असो, आज हें औषध बहुतेक सर्व रोग्यांस देतात.

दुसरा उपाय पुन्हां मातींतूनच आला. १९६४ सालीं कॅनडाची एक मंडळी पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेली होती. तिनें आणलेल्या मातींतील जंतूपासून माँट्रियल येथें काम करणारे, पंजाबांत जन्मलेले डॉ. सुरेन्द्रनाथ सेहगल व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक द्रव्य काढलें. बेटाचें देशी नांव रापा नुई, म्हणून द्रव्याचें नांव रापामायसिन. ती प्रयोगशाळा बंद झाली तेव्हां सेहगल ह्यांनीं त्या जंतूचें बीज घरच्या शीतकपाटांत जपून ठेविलें होतें. १९९९ सालीं अमेरिकेंत मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीं त्यास परवानगी मिळाली. पेशींच्या वाढीसच आळा घालणें हा ह्या द्रव्याचा गुण. आणि धमनींत नेमकी वाढच त्रास देत असल्यामुळें तें येथें उपयोगी पडलें. त्याच जातीच्या एव्हरोलिमस ह्या औषधानें पहिल्या वर्षांतच धमन्यांची जाडी कमी राहते, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणांत अझाथायोप्रीन ह्या जुन्या औषधाशीं तुलना करून दाखविण्यांत आलें. परंतु हेंही औषध निर्दोष नाहीं. त्यानें जखमा भरण्यास उशीर लागतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या लगेच नंतर तें जपून वापरावें लागतें.

मग औषधांची मात्राच चढवून विरोध पुरता कां मोडीत नाहींत, अशी शंका येईल. येथें वॉशकान्स्की ह्यांच्या वेळचा पेंच पुन्हां आडवा येतो. जी शक्ति परक्या हृदयावर चालून जाते, तीच रोगजंतूंपासून आणि शरीरांत उत्पन्न होणाऱ्या कर्करोगाच्या पेशींपासून आपलें रक्षण करते. तिला अधिक दाबलें तर संसर्ग आणि कर्करोग, कमी दाबलें तर धमन्यांचा नाश. शिवाय मुख्य औषधें मूत्रपिंडास अपाय करतात. डॉक्टरांस ह्या दोहोंमधील अरुंद वाटेनें वर्षानुवर्षें चालावें लागतें. विकार फार वाढल्यावर पुन्हां हृदय बदलणें हा एकच पुरा उपाय राहतो, आणि दातीं हृदयें इतकीं थोडीं कीं तो थोड्यांच्याच वाट्यास येतो.

म्हणून संशोधकांची खरी आशा निराळ्या दिशेस लागली आहे. शरीरास दाबून ठेवण्याऐवजीं त्यास परक्या हृदयाचें परकेपणच विसरावयास शिकवितां येईल काय? मेदावार व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं १९५३ सालींच दाखविलें होतें कीं, जन्मापूर्वीं उंदराच्या पिलास परक्या पेशी टोंचल्या तर मोठेपणीं तें त्या परक्याचें कातडें स्वकीयाप्रमाणें स्वीकारतें. मूत्रपिंडाच्या कांहीं रोग्यांत दात्याच्या अस्थींतील मगजही देऊन ही स्थिति साधली आहे. हृदयाच्या बाबतींत २०२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत एका तान्ह्या बाळास हृदयाबरोबर त्याच दात्याची थायमस ग्रंथि, म्हणजे टी-पेशींची पाठशाळाच, बसविण्यांत आली. डुकराच्या जनुकांत फेरफार करून त्याचें हृदय मनुष्यास बसविण्याचे प्रयोगही अमेरिकेंत मेरिलंड येथें २०२२ व २०२३ सालीं झाले. एक रोगी सुमारें दोन महिने व दुसरा सुमारें सहा आठवडे जगला. दरम्यान दात्याच्या हृदयपेशी मेल्या म्हणजे त्यांच्या डी.एन.ए.चे तुकडे रोग्याच्या रक्तांत येतात, ते मोजून विरोधाचा सुगावा घेण्याची परीक्षा उपयोगांत आली आहे, आणि वारंवार चिमटा घालण्याचा त्रास त्यानें कमी होत आहे.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, एवढा खटाटोप करून दहा-बारा वर्षेंच मिळणार असतील तर तो करावा कशाला? ह्या मताशीं आम्ही सहमत नाहीं. हृदय बदललेल्यांपैकीं निम्मे रोगी आज बारा वर्षांहून अधिक जगतात. १९८४ सालीं लंडनजवळील हेअरफील्ड येथें मॅग्दी याकूब ह्यांनीं ज्यांचें हृदय बदललें असे हॉलंडमधील एक गृहस्थ २०२३ सालीं एकोणचाळीस वर्षें पुरीं करून होते. शस्त्रक्रिया न झाल्यास ज्यांच्यापाशीं थोडे महिने उरले होते, त्यांना मिळालेलीं बारा वर्षें म्हणजे मुलाचें सबंध शिक्षण, मुलीचें लग्न, वृद्ध आईबापांची अखेरची सेवा. ह्या काळास अल्प म्हणणें आम्हांस जमत नाहीं. मात्र घरच्यांनीं त्याचें खरें स्वरूप आरंभींच समजून घेतलें पाहिजे. शस्त्रक्रियेनें रोग संपत नाहीं. मारक रोगाच्या जागीं सांभाळतां येण्याजोगा रोग येतो, आणि तो सांभाळण्याचें काम रुग्णालयापेक्षां घरांतच अधिक होतें.

तें काम कोणतें, हें थोडक्यांत सांगतों. गोळ्यांची वेळ ही संध्येच्या वेळेप्रमाणें अढळ मानावी. एकादशी असो, श्राद्ध असो, प्रवास असो, गोळी चुकतां कामा नये. कडक उपवास करावयाचा झाल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. रोग्यास बरें वाटतें म्हणून औषध कमी करण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतील. तो ऐकूं नये, कारण बरें वाटतें तें त्या औषधामुळेंच. घरगुती काढा, चूर्ण किंवा गुटी देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं डॉक्टरांस अवश्य सांगावें. ह्यांत आमच्या वैद्यकाचा अनादर नाहीं. युरोपांत सेंट जॉन्स वर्ट नांवाची वनस्पति उदासीनतेवर घेतात; ती घेतल्यानें सायक्लोस्पोरिनचें रक्तांतील प्रमाण उतरून हृदय बदललेल्या दोन रोग्यांत तीव्र विरोध उसळल्याचें झ्यूरिच येथील डॉक्टरांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलें. उलट ग्रेपफ्रूट हें पपनसाच्या जातीचें फळ तें प्रमाण भलतेंच वाढवितें. खोकला-पडसें झालेल्या पाहुण्यानें रोग्याच्या खोलींत जाऊं नये, आणि घरच्या सुनेनें तसें सांगितलें तर तिला उद्धट ठरवूं नये. जिना सावकाश चढावा. तपासणीची तारीख आली म्हणजे दुखत नसलें तरी जावें. विकार मुका असल्यामुळें तपासणी हीच त्याची वाणी.

आणखी एक गोष्ट. दात्याचें कुटुंब ज्या दिवशीं संमति देतें तो त्यांच्या घरांतील सर्वांत काळा दिवस असतो. वाहिन्या लवकर दाटूं न देणें, म्हणजे त्या अपरिचित घरानें दिलेलें दान पुरें वापरणें होय. आणि असा प्रसंग आपल्याच घरावर आला तर काय करावें, ह्याचा विचार एकत्र कुटुंबांत प्रसंग येण्यापूर्वीं, सर्वांसमक्ष, शांतपणें झालेला असावा. रुग्णालयाच्या ओसरीवर त्या वेळीं विचार करण्यास कोणासच सवड नसते, आणि हृदयापाशीं तास असतात ते चारच.